भाड्याचा भाजीचा तुकडा, दीड वर्षानंतर: जूनमध्ये घेऊ नका, दसऱ्याला घ्या

फ्लॅटमध्ये राहून स्वतःची भाजी पिकवायची असेल तर शेतकऱ्याकडून वर्षाच्या बोलीवर छोटा तुकडा भाड्याने घ्यायची सोय आता आपल्या जळगावातही झालीये. ओळखीच्या बऱ्याच जणी मला विचारतात की कसं आहे, परवडतं का, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहिते. मी मागच्या वर्षीच्या जूनपासून घेतलाय, म्हणजे दोन पावसाळे, एक हिवाळा, एक अख्खा उन्हाळा झाला आणि आता दुसरी थंडी सुरू झालीये. पहिल्या तीन महिन्यांत लिहायला बसले असते तर मी एकच स्टार दिला असता आणि ते अन्यायाचं झालं असतं, कारण तेव्हा चूक जागेची कमी आणि वेळेची जास्त होती. आज ५ पैकी ४ देते. एक कापलाय तो मे महिन्याच्या पाण्यासाठी, ते पुढे सांगते.

आधी काय मिळतं ते. अर्धा गुंठा जागा, ३३ फूट बाय साडेसोळा. (पूर्ण गुंठा १०८९ चौरस फुटांचा, एकरात असे ४० बसतात, म्हणजे आपला तुकडा एकराचा ८० वा भाग, कागदावर चिमूटभर वाटतो पण निंदायला बसलं की कळतं.) शेत ममुराबादच्या बाजूला आहे, माझ्या घरून गाडीवर वीस-पंचवीस मिनिटं. वर्षाचे ९,००० रुपये, जूनला अर्धे आणि डिसेंबरला अर्धे. त्यात नांगरून वखरून दिलेली जमीन, एक बैलगाडी शेणखत, ठिबकच्या १६ एमएमच्या नळ्या, बोअरचं पाणी आणि विळे-खुरपी ठेवायला एक सामाईक खोली. बी, रोपं, बांबू, सुतळी आपली. मालकांची बाकी सगळी जमीन केळीखाली आहे, कडेचा एक पट्टा त्यांनी असे बारा तुकडे करून दिलाय. आणि या सगळ्यांत ज्याची किंमत कुठेच लिहिलेली नाही ते म्हणजे आबा. आबा तिथले जुने सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेले गडी, मूळचे पारोळ्याकडचे, अजून अहिराणीच बोलतात, आणि माझ्या मते तुम्ही ९,००० देता त्यातले निम्मे आबांच्या जवळ उभं राहायचे आहेत.

आता पहिला जून. मृगाचा पाऊस चांगला पडला आणि आम्ही तिघं, मी, हे आणि लेक, रविवारी सकाळी सातलाच जाऊन पोचलो. एका दिवसात भेंडी, गवार, मेथी, पालक, कोथमीर, मुळे, गाजर, सगळं टाकलं. पाकिटावर सगळीकडे लिहिलेलंच असतं की वर्षभर लावता येते. आठ दिवसांत मेथी वर आली, इतकी सुंदर दिसत होती की मी रोज फोटो काढायचे. मग जुलैच्या सुरुवातीला सलग चार दिवस पाऊस लागला. आपली जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. कपाशीला आणि केळीला तीच जमीन सोनं आहे पण मेथीसारख्या नाजूक पाल्याला सपाट वाफ्यात तीच जमीन म्हणजे डबकं. पाचव्या दिवशी गेले तर मेथी पिवळी होऊन आडवी पडलेली, मुळाशी हात लावला की बोटात शेवाळासारखं सुटून यायचं. पालक तसाच गेला. गाजर उगवलंच नव्हतं. आणि मी घाबरून काय केलं तर त्याच चिखलात उतरून खुरपायला लागले, तण काढू, पाणी काढू म्हणून, सगळा तुकडा तुडवला. पाऊस उघडला, दोन दिवस ऊन पडलं आणि जिथे जिथे माझे पाय पडले होते तिथे माती विटेसारखी झाली. खुरपं मारलं तर टणकन आवाज यायचा.

आबांनी तेव्हा एकच वाक्य सांगितलं, ते मी अजून विसरले नाही. "वाफसा येस नही तवलोंग वावरमा पाय ठेवानं नही, ताई." (वाफसा येत नाही तोवर शेतात पाय ठेवायचा नाही. वाफसा म्हणजे माती ओलसर, पण चिखल नाही, काम करता येईल अशी.) वाफसा आला की नाही ते बघायची त्यांची रीत सोपी आहे. चार बोटं खोलवरची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू करायचा, अंगठ्याने हलकं टोचायचं. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, खुशाल काम करा. अंगठा रुतला आणि लाडू तसाच राहिला, हाताला चिकटला, तर घरी जा. एवढंच. पण हे कुठल्याही बियाण्याच्या पाकिटावर नसतं, आणि आपल्या खान्देशातल्या काळ्या जमिनीत भाजी करायची तर पहिला धडा हाच आहे.

त्या पावसाळ्यात वाचलं काय तर भेंडी आणि गवार, आणि कडेच्या बांधावर लावलेली दोन गिलक्याची वेलं. (पुण्याकडच्यांसाठी, गिलकं म्हणजे तुमचं घोसाळं.) भेंडी पेरल्यापासून दीड महिन्यात चालू झाली, एक दिवसाआड तोडायला लागते, रविवार ते रविवार ठेवली तर ती भाजीची राहत नाही, बियांची होते. मग तीनचार झाडांची पानं पिवळी पडायला लागली, आधी शिरा पिवळ्या आणि मग पूर्ण पान हळदीत बुडवल्यासारखं. आबांनी बघितल्याबरोबर ती झाडं उपटून लांब नेऊन पुरली. हळद्या रोग. त्याला पांढरी माशी पसरवते, आजारी झाडाला औषध नाही, बाकीची झाडं वाचवायची असतील तर आजारी झाड काढायचं आणि पिवळे चिकट सापळे लावायचे. मला ती झाडं काढताना खूप वाईट वाटलं होतं कारण त्यांना अजून भेंड्या लागत होत्या. पण बाकीची रांग दसऱ्यापर्यंत चालली, ते त्या चार झाडांच्या बदल्यात.

आणि लव्हाळा नावाचं तण. याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगते. वरून विळ्याने कापला की आठ दिवसांत पुन्हा हजर, कारण खाली मातीत त्याच्या काळ्या गाठी असतात, एकीला दुसरी जोडलेली. त्या खणून, वेचून, उन्हात टाकायला लागतात. मी आणि लेकीने सप्टेंबरमध्ये एका रविवारी अर्धं घमेलं गाठी वेचल्या. या वर्षी त्या भागात लव्हाळा चौथाईसुद्धा नाही.

एक तक्रार इथेच लिहून टाकते, ती शेताबद्दल नाही, शहरातल्या एका नर्सरीबद्दल आहे. जुलैमध्ये मी तिथून भरीताच्या वांग्याची म्हणून वीस रोपं आणली. दोनदा विचारलं, भरीताचीच ना, हो म्हणाले. वरंब्यावर लावली म्हणून पावसातही टिकली, ऑगस्ट-सप्टेंबर मी त्यांची सेवा केली, आणि फळं लागली तर जांभळी, लांबुळकी, घोसाने लागणारी. वाईट नव्हती, भाजीला चालली, पण जळगावात राहून, जिथल्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथे भरीताचं रोप म्हणून दुसरंच गळ्यात मारायचं हे मला फार लागलं. रोप लहान असताना आपल्याला ओळखता येत नाही, तीन महिने गेल्यावर कळतं, आणि तोपर्यंत हंगाम गेलेला असतो. परत गेले तर म्हणाले बियाणं कंपनीचं आहे, आम्ही काय करणार. म्हणून सांगते, वांग्याचं रोप ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घ्या. आमच्या आबांनी त्यांच्या रांगेतली चार झाडं मला तोडायला दिली, नाहीतर त्या वर्षी चंपाषष्ठीला बाजारातूनच वांगी आणायला लागली असती.

दसऱ्यानंतर मात्र सगळं बदललं. पाऊस गेला, जमीन वाफशावर आली, आबांनी सांगितलं आता गादीवाफे करा. तीन फूट रुंद, वीतभर उंच, मधून चालायला वाट, म्हणजे वाफ्यात पाय पडायचाच नाही. एका वाफ्यात आम्ही नदीची वाळू आणि चाळलेलं कुजलेलं शेणखत मिसळलं, खास गाजरासाठी, कारण नुसत्या काळ्या मातीत गाजर सरळ खाली जात नाही, त्याला दोन-तीन फाटे फुटतात आणि ताजं शेणखत टाकलं तर अजूनच. त्या एका वाफ्यातून जानेवारीत आम्ही गाजरं उपटली तेव्हा लेक प्रत्येक गाजर हातात धरून उन्हात बघत होती, धुवायला पण देत नव्हती. दुसऱ्या साध्या वाफ्यातली गाजरं बोटाएवढी आणि वाकडी निघाली. एकच बी, एकच दिवशी पेरलेलं.

कोथमीर. मला वर्षानुवर्षं कुंडीत कोथमीर आली नाही आणि मी समजायचे बी खराब असतं. धणा म्हणजे दोन बिया एकत्र, ते फोडायला लागतात. आबांच्या घरच्या मावशींनी धणे पोत्यावर पसरले, वरून चपलेने हलके रगडले, बरोबर दोन फाकळ्या झाल्या, पीठ नाही झालं. रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात, मग रेघ ओढून पेरले, वर बोटभर माती. दहा-बारा दिवसांत हिरवी रेघ. दीड महिन्यात जुड्या. मी त्या दिवशी घरी फोन करून सासूबाईंना सांगितलं, त्यांना हे माहीतच होतं, त्या यावलकडच्या, पण त्यांना आनंद झाला.

मेथी या वेळी एकदम सगळी नाही टाकली, दर दहा दिवसांनी एक वाफा. पंचवीस-तीस दिवसांत कापायला येते, म्हणजे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत दर आठवड्याला घरात ताजी मेथी. टमाट्याची रोपं ऑक्टोबरात लावली, बांबू रोवून सुतळीने उभी बांधली. दिवाळीनंतर लसूण पाकळ्या टोचल्या, डिसेंबरच्या शेवटी कांद्याची रोपं. कोबी-फ्लॉवर पण लावला, पण फ्लॉवरमध्ये अळी इतकी की मी पुन्हा नाही लावणार, जागा पण फार खातो.

थंडीत आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या आसपास उतरतं आणि दिवसा छान कोवळं ऊन असतं, भाजीला याच्यापेक्षा चांगलं हवामान कुठे मिळणार. माझी नणंद इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे पण असा तुकडा आहे, तिथे त्याला अलॉटमेंट म्हणतात. १९०८ च्या कायद्याने तिथल्या स्थानिक संस्थांवर मागणी असेल तर लोकांना असे तुकडे द्यायची जबाबदारी आहे, आणि पूर्ण तुकड्याचं जुनं माप दहा रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. नंबर लागायला कित्येक ठिकाणी वर्षं जातात. आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर आपापले वाफे दाखवतो. तिची जमीन जानेवारीत गोठलेली असते, माझी फुललेली. ती टमाटे मे संपताना बाहेर लावते, तेव्हा माझ्याकडे जमिनीला हात घालता येईल अशा भेगा पडलेल्या असतात. तिचा मेलेला महिना जानेवारी आणि आपला मे. हे तिच्याशी बोलताना माझ्या नीट डोक्यात शिरलं की पुस्तकातलं, व्हिडिओतलं लावणीचं वेळापत्रक घेऊन आपल्या गावात चालत नाही, उन्हाळा म्हणजे भाजीचा मुख्य हंगाम हे तिकडचं आहे. आपला मुख्य हंगाम दसरा ते होळी.

चंपाषष्ठीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद, चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की मग सुटतं. त्या दिवशी बारातल्या सात-आठ घरांची माणसं शेतात जमली. आबांनी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला. भरीताचं वांगं हिरवं, त्यावर पांढुरके पट्टे, आत बिया कमी आणि गर लोण्यासारखा, ते आबांनी देठासकट जाळात ठेवलं आणि सारखं फिरवत राहिले, साल काळी होऊन फुगली, एका ठिकाणी फुटून पाण्याचा थेंब बाहेर आला आणि निखाऱ्यावर चर्र झाला, तेव्हा म्हणाले आता काढा. देठाला धरून सोलायचं, साल सरकन निघते. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या, लसूण आणि ते गरम वांगं मुसळाने ठेचायचं, वरून शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथमीर आणि तेलाची फोडणी. पात आणि कोथमीर माझ्या वाफ्यातली होती. मावशींनी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या केल्या होत्या. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो पऱ्हाटीच्या धुराचा वास येत नाही, काहीही करा.

वांग्याच्या शेंड्यांचंही सांगते कारण त्यात सगळे फसतात. हिरवं झाड, आणि एकच शेंडा मान टाकून सुकलेला दिसला तर पाणी कमी पडलं असं समजून पाणी देऊ नका. मी तेच केलं, आबा म्हणाले, "तुम्ही भू पानी दिधं." (फार पाणी दिलं.) तो शेंडा विळ्याने कापून उभा चिरला तर आत गुलाबीसर अळी, शेंडे आणि फळ पोखरणारी. तीच पुढे फळात जाते आणि वरून चांगलं दिसणारं वांगं आतून भोकाचं निघतं. सुकलेला शेंडा दिसला की त्याच दिवशी चार बोटं खालून कापायचा आणि शेतात न टाकता नष्ट करायचा, कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावायचे. निंबोळी अर्क आम्ही घरीच करतो, जूनमध्ये लेकीच्या शाळेजवळच्या कडुनिंबाखालच्या निंबोळ्या वेचून वाळवून ठेवतो, १० लिटर पाण्याला अर्धा किलो भरड, रात्रभर भिजवून गाळून, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारायचा. जाळीतून नीट गाळला नाही तर पंप सारखा चोंदतो.

आता मे, आणि कापलेला स्टार. मार्चमध्ये लसूण निघाला, एप्रिलमध्ये कांदा, दोन्ही मस्त. टमाट्यांना मार्च संपता संपता फुलं यायची आणि गळून पडायची, दिवस पस्तिशीच्या वर गेले आणि रात्रीही तापल्या की फळ धरतच नाही, त्यात औषधाचा काही उपयोग नाही, झाडं काढून टाकली. गिलकी, दोडके, काकडी फेब्रुवारीत मांडवावर चढवली होती, गवार आणि पोकळा होता. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) ४३-४४ अंश चाललं होतं, आणि मेमध्ये बोअर उतरलं. शेतीची लाईट आठ तास, कधी दिवसा कधी रात्री, आणि त्या आठ तासांत पाणी आधी केळीला जायचं, मग आम्हाला. मालकांचं चुकतं असं मी म्हणत नाही, केळीचा बाग एकदा करपला तर त्यांचं वर्ष जातं आणि माझी फक्त काकडी जाते. पण मग करार करताना ते स्पष्ट सांगायला पाहिजे होतं. आम्हाला सांगितलं होतं "बारा महिने पाणी", आणि मेमध्ये तीन आठवडे एक दिवसाआड फक्त तासभर मिळालं, एकदा तर चार दिवस काहीच नाही. काकडी गेली, दोडका गेला. मी बोलले तर भाड्यात काही कमी केलं नाही, आबांनी मात्र त्यांच्या हाताने रात्री अकराला उठून आमचा कॉक फिरवला. तुम्ही घेणार असाल तर कागदावर लिहून घ्या, मेमध्ये आठवड्याला किती वेळा आणि किती तास पाणी. नुसतं "पाणी आहे" हे पुरेसं नाही.

उन्हाळ्यात टिकायला दोन गोष्टींनी मदत झाली. एक म्हणजे केळीची वाळलेली पानं. बागेत ढीग पडलेला असतो, फुकट, ती वाफ्यावर जाड अंथरली तर खालची माती दुपारी पण गार राहते, मी हात घालून बघायचे. दुसरं म्हणजे नळ्या साफ ठेवणं. बोअरचं पाणी जड आहे, तोट्यांवर पांढरा थर बसतो आणि काही झाडं तहानलेली राहतात, वरून कळत पण नाही. दर पंधरा दिवसांनी नळीच्या शेवटची टोपी काढून पाणी जोरात सोडायचं, आधी चहासारखं गढूळ येतं, मग स्वच्छ. हे प्रत्येकाने स्वतः करायचं आहे, शेतावर कुणी करून देत नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात मी शहाणपणाने वागले. जिथे पाणी साचतं त्या खालच्या अर्ध्या भागात भाजी लावलीच नाही, खतासाठी ताग पेरला, दीड महिन्याने फुलावर आल्यावर तिथेच गाडला. वरच्या भागात वरंबे करून फक्त भेंडी, गवार, गिलकी आणि वांगी. आखाजीला बांधावर गंगाफळाच्या चार बिया टोचल्या होत्या, उन्हात जेमतेम जगली, पाऊस पडल्यावर वेल असा धावला की शेजारच्या तुकड्यात गेला, आणि श्रावणात कानबाईच्या रोटाबरोबरची गंगाफळाची भाजी पहिल्यांदा आमच्या स्वतःच्या फळाची झाली. सासूबाईंनी तो अर्धा भोपळा कापायच्या आधी हळद-कुंकू लावलं.

खर्चाचं खरं सांगते, कारण लोक तेच विचारतात. पहिल्या वर्षी भाडं ९,०००, बी-रोपं-बांबू-सुतळी मिळून २,४०० च्या आसपास, पेट्रोल वेगळं. मी वजन लिहून ठेवलं होतं, वर्षात साधारण १४० किलो भाजी घरी आली, त्यातली ९० किलो एकट्या हिवाळ्यात. बाजारातून घेतली असती तर याच्यापेक्षा स्वस्त पडली असती, सरळ हिशोब आहे. पैसे वाचवायला म्हणून घेत असाल तर घेऊ नका. आणि आठवड्यातून दोनदा जायला जमत नसेल तरी घेऊ नका. बारातली तीन घरं पहिल्याच वर्षी सोडून गेली, तिन्ही फक्त रविवारी यायची, आणि तिन्ही जूनमध्ये सुरू करून ऑगस्टमध्ये कंटाळली.

म्हणून माझं म्हणणं शीर्षकात लिहिलंय तेच. मालक करार जूनपासून करतात कारण शेतीचं साल तसं चालतं, पण नवीन माणसाला आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात उतरवणं म्हणजे पोहायला शिकायच्या आधी पुरात ढकलणं. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत घ्या. पहिले पाच महिने हात चालेल, मेथी-पालक-कोथमीर-गाजराने धीर येईल, उन्हाळ्यात पाणी कसं पुरवायचं ते कळेल, आणि पाऊस येईल तोपर्यंत तुम्हाला वाफसा हाताला कळायला लागेल. वांगी तेवढी पहिल्या वर्षी हुकतील, त्यांची रोपं जुलै-ऑगस्टला लागतात. मी मालकांशी बोलले, या वर्षी त्यांनी दोन नवीन घरांना ऑक्टोबरपासून दिलंय, दोघांचे वाफे मी कालच बघून आले, मेथी कापणीला आलीये.

माझी या वर्षीची वांगी आबांच्या बियांची आहेत. मागच्या फेब्रुवारीत त्यांनी एक मोठं वांगं झाडावरच पिवळं होऊ दिलं, मग त्याच्या बिया धुऊन राखेत चोळून सावलीत वाळवल्या, पुडी करून मला दिली. जूनमध्ये मी त्याची रोपं केली, चौदा जगली. सध्या प्रत्येक झाडावर तीन-चार फळं आहेत, हिरवी, पांढऱ्या पट्ट्यांची, हाताच्या ओंजळीत न मावणारी. चंपाषष्ठीला अजून पंधरा दिवस आहेत आणि आबांनी गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या खोलीच्या मागे ताडपत्रीखाली झाकून ठेवल्यात. डिसेंबरचा हप्ता मी परवाच भरला, पावतीच्या मागे मालकांकडून मेच्या पाण्याचे तास लिहून घेतले, सही करून.